हरलेल्या डावातील आत्मबल : इंदूरच्या होळकर संघाच्या निमित्ताने

प्रेषित पौलाच्या पत्रांतून शर्यतीचे, मुष्टियुद्धाचे आणि मुकुटाचे दाखले वारंवार येतात, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. करिंथ शहराजवळच्या चिंचोळ्या भूमीवर दर दोन वर्षांनी क्रीडामहोत्सव भरत असे. पौलाचा करिंथातील दीड वर्षाचा मुक्काम इ. स. ५० ते ५२ च्या सुमाराचा मानला जातो. तेव्हा त्या मुक्कामात असा एखादा महोत्सव त्याच्या दृष्टीस पडला असण्याचा संभव बराच आहे. तेथे विजेत्याच्या मस्तकी पाइनच्या डहाळ्यांचा किंवा वाळलेल्या पाल्याचा मुकुट ठेवीत. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल ह्या सुकून जाणाऱ्या मुकुटाची आठवण देतो, आणि धावणारे पुष्कळ असले तरी बक्षीस एकच असते, ह्या सर्वांच्या परिचयाच्या गोष्टीवरून आपला उपदेश उभा करतो.

ह्या उताऱ्यावर आमच्या मंडळ्यांतून प्रवचने पुष्कळ होतात, आणि त्यांत बहुधा विजेत्याचाच विचार असतो. त्याने इंद्रियदमन कसे केले, ध्येयावर दृष्टी कशी ठेविली, हे सांगितले जाते. जे धावले पण पहिले आले नाहीत त्यांच्याविषयी वक्ता काही बोलत नाही. क्रीडास्पर्धेत मनुष्याच्या आत्म्याचे सामर्थ्य प्रकट होते, असे आपण सहज म्हणतो. ते खरे असेल, तर ते केवळ जिंकणाऱ्यातच प्रकट होते काय? तसे असते तर प्रत्येक शर्यतीत एकाच्या आत्म्याची साक्ष आणि इतरांच्या आत्म्याचा अभाव सिद्ध झाला असता. आम्हांस हे पटत नाही. ते का पटत नाही, हे सांगण्यासाठी आम्ही तत्त्वचर्चेऐवजी इतिहासातील एका उदाहरणाचा आधार घेणार आहोत. ते उदाहरण मराठी वाचकांस जवळच्या अशा इंदूर शहराचे आहे.

इंदूर ही होळकरांची राजधानी. मराठी भाषेचा एक मोठा प्रवाह माळव्यात तिच्यामुळे टिकून राहिला. ख्रिस्ती वाचकांस ह्या शहराचा परिचय आणखी एका कारणाने असतो. कॅनडातील प्रेसबिटेरियन मिशनचे कार्य तेथे १८७७ साली सुरू झाले आणि त्यातूनच १८८७ साली इंदूर ख्रिश्चन कॉलेज निघाले. तथापि ह्या लेखाचा विषय ते कॉलेज नसून होळकर संस्थानाचा क्रिकेट संघ आहे. १९४४-४५ ते १९५४-५५ ह्या अकरा हंगामांत हा संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात दहा वेळा पोहोचला. एका संस्थानी राजधानीच्या संघाने मुंबईसारख्या प्रांताच्या बरोबरीने उभे राहावे, ह्याचे आश्चर्य तेव्हाही वाटत असे. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असे चार वेळा त्याने करंडक जिंकला. क्रीडेच्या इतिहासात हे चार विजय नोंदले जातात व तसे ते नोंदले जाणे योग्यच आहे. आमचे लक्ष मात्र उरलेल्या सहा सामन्यांकडे अधिक जाते.

ह्या संघाचा कणा म्हणजे कर्नल सी. के. नायडू. त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरास झाला. १९२३ साली होळकर दरबाराने त्यांस इंदुरास बोलावून घेतले आणि संस्थानच्या सैन्यात हुद्दा दिला. १९२६ च्या डिसेंबरात मुंबईच्या जिमखान्यावर आर्थर गिलिगन यांच्या इंग्लिश संघाविरुद्ध त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या व त्यांत अकरा षटकार मारले. त्या दिवसापासून त्यांचे नाव घरोघरी गेले. जून १९३२ मध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना झाला, तेव्हा संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. दौऱ्याचे नामधारी कर्णधार पोरबंदरचे महाराज होते; आपल्या खेळाची मर्यादा ओळखून ते बाजूला झाले. (राजेलोकांच्या हातून घडलेल्या थोड्या नम्र कृत्यांपैकी हे एक आहे, असे आम्हांस वाटते.) त्या सामन्यात क्षेत्ररक्षण करताना नायडूंच्या हातास दुखापत झाली. तशाच हाताने ते खेळावयास उतरले आणि पहिल्या डावात त्यांनी काढलेल्या ४० धावा संघातील सर्वांहून अधिक ठरल्या. सामना आपण १५८ धावांनी हरलो. आपल्या देशाच्या कसोटी क्रिकेटचा आरंभ असा एका पराभवातून आणि एका दुखावलेल्या हातातून झाला आहे.

नायडूंची शिस्त कठोर होती. चेंडू लागला तरी खेळाडूने ती जागा चोळू नये, असा त्यांचा दंडक असल्याचे सांगितले जाते. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात मुंबईच्या दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू त्यांच्या तोंडावर बसला व दात पडले, तरी ते मैदान सोडून गेले नाहीत आणि वेग कमी करू नको असे त्यांनीच गोलंदाजास बजावले, ही कथा क्रिकेट जाणणाऱ्या मराठी घरांतून अजूनही सांगितली जाते. त्या वेळी त्यांचे वय ५६ वर्षांचे होते. होळकर संघ तो सामनाही हरला. पुढे १९५६-५७ च्या हंगामात, वयाच्या ६२ व्या वर्षी, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळत होते.

येथे एक शंका उपस्थित होते व ती दडवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वेदना सहन करण्याचा हा हट्ट म्हणजेच आत्मबल काय? स्टोइक तत्त्वज्ञ तसेच म्हणत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील चार्ल्स किंग्जली व टॉमस ह्यूज यांच्यासारख्या लेखकांनी पुरस्कारिलेला बलोपासक ख्रिस्ती आदर्शही त्याच्या फार जवळ जातो, आणि मिशनऱ्यांच्या शाळांतून तो आपल्याकडेही आला. कणखर शरीर म्हणजे कणखर चारित्र्य, आणि कणखर चारित्र्य म्हणजे जवळजवळ तारणच, अशी ती मालिका होती. तिच्यात दुबळ्यास, रोग्यास किंवा पांगळ्यास स्थान कोठे, हे विचारण्याची गरज त्या काळी फार थोड्यांस वाटली. पौलाची भूमिका निराळी आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो शरीराच्या कसरतीला काही मोल देतो, परंतु ते मर्यादित ठेवतो. आणि करिंथकरांस शर्यतीचा दाखला दिल्यावर लगेच तो स्वतःविषयीच भीती व्यक्त करतो की, इतरांस उपदेश करून आपणच अपात्र ठरू नये. स्वतःच्या बळाचा अभिमान बाळगणाऱ्याच्या मुखी हे भय शोभत नाही. तेव्हा नायडूंचे दात पडले आणि ते उभे राहिले, ह्यात आम्ही आदराने पाहतो ते एवढेच : मनुष्याच्या ठायी शरीराच्या आज्ञेबाहेर असे काहीतरी असते, ह्याची ती खूण आहे. त्या ‘काहीतरी’ने पुढे कोणाची सेवा करावी, हे ती खूण सांगत नाही.

आता १९४५ च्या मार्च महिन्याकडे वळू. मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर मुंबई विरुद्ध होळकर असा अंतिम सामना झाला. मुंबईने पहिल्या डावात ४६२ व दुसऱ्या डावात ७६४ धावा केल्या; विजय मर्चंट यांनी एकट्यांनी २७८ काढल्या. होळकर संघाचा पहिला डाव ३६० धावांत आटोपला होता. म्हणजे जिंकण्यासाठी त्यांना ८६७ धावा हव्या होत्या. चौथ्या डावात एवढ्या धावा प्रथम दर्जाच्या सामन्यात तोवर कोणी केल्या नव्हत्या, आणि आजवरही केलेल्या नाहीत. मैदानावर उतरणाऱ्या फलंदाजास हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? सामन्याचा निकाल लागलेलाच होता. तो औपचारिकपणे जाहीर होणे तेवढे बाकी होते.

असे असता होळकर संघाने ४९२ धावा केल्या. मुश्ताक अली यांनी पहिल्या डावाप्रमाणे दुसऱ्याही डावात शतक झळकावले. डेनिस कॉम्प्टन हा इंग्लिश खेळाडू २४९ धावा करून नाबाद राहिला. युद्धकाळात इंग्लिश सैन्यात असल्यामुळे तो इंदुरापासून जवळच असलेल्या महू छावणीत होता आणि म्हणून होळकर संघास मिळाला होता. दुसऱ्या बाजूचे गडी एकामागून एक बाद होत गेले आणि तो उभा राहिला. होळकर संघ ३७४ धावांनी हरला. सामन्यात एकूण २,०७८ धावा निघाल्या.

ह्या डावाविषयी आम्ही जो विचार केला तो असा. जोवर विजयाची आशा आहे तोवर मनुष्य कशासाठी झटतो आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. मुकुटाच्या लोभानेही तो झटत असेल, कीर्तीच्याही असेल, मालकाच्या भीतीनेही असेल. मुकुट हाती येणे शक्य नाही असे निश्चित झाल्यावर हे हेतू बहुतांशी गळून पडतात, आणि त्यानंतरही जो मनुष्य प्रत्येक चेंडू त्याच काळजीने खेळतो, त्याच्याविषयी आपल्याला काहीतरी खरे कळते. सर्वच हेतू गळतात असे नाही. कॉम्प्टनला स्वतःच्या धावांची हौस नसेल असे आम्ही म्हणत नाही. मनुष्यस्वभाव आम्हांसही ठाऊक आहे. तरी स्पर्धा आत्म्याचे सामर्थ्य जर कोठे उघडे करीत असेल, तर ते ह्या ठिकाणी, निकाल ठरल्यानंतर आणि खेळ संपण्यापूर्वी जो काळ असतो त्यात.

ह्याच्या उलट उदाहरण पुढील वर्षीच इंदुरास घडले. मार्च १९४६ मध्ये उपांत्य सामन्यात होळकर संघाने मैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंग अशा सहा जणांनी त्या एका डावात शतके काढली. असा प्रकार प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये पूर्वी झाला नव्हता. पाठोपाठच्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध नायडूंनी पन्नाशीत द्विशतक केले आणि करंडक प्रथमच इंदुरास आला. धावांचा हा डोंगर पाहून इंदूरकरांस आनंद झाला असेल व तो रास्तच होता. परंतु आमच्या शोधाच्या दृष्टीने त्या उपांत्य सामन्यातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, ९१२ धावा डोक्यावर असता मैसूरने दुसऱ्या डावात पाचशेहून अधिक धावा काढल्या. ते मैसूरकर आज कोणास आठवतात?

होळकर संघाची आणखी एक बाजू सांगितली पाहिजे, कारण आमच्या समाजाचा तिच्याशी संबंध आहे. त्या काळी मुंबईत जी सर्वांत गाजणारी स्पर्धा होती तिच्यात संघ धर्मावरून होत असत. १९०७ साली तिरंगी, १९१२ पासून चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी, अशी ती वाढत गेली. युरोपियन, पारशी, हिंदू व मुसलमान ह्यांच्या जोडीस १९३७ मध्ये पाचवा संघ आला तो ‘रेस्ट’, म्हणजे उरलेल्यांचा. त्यात हिंदी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, यहुदी इत्यादी सर्वांस एकत्र बसविले होते. १९४० साली गांधीजींनी ह्या धर्मवार स्पर्धेविरुद्ध आपले मत दिले, आणि १९४६ च्या प्रारंभानंतर ती पुन्हा भरली नाही. होळकर संघात मात्र तेलुगू घराण्यातील नायडू बंधू, इंदुरातच जन्मलेले मुश्ताक अली, सरवटे, जगदाळे, निंबाळकर, हिरालाल गायकवाड असे मराठी खेळाडू, आणि एका हंगामापुरता का होईना, एक इंग्लिश शिपाई एकत्र खेळत होते. हे सर्व संस्थानिकाच्या आश्रयाने व पैशाने चालले होते, हे खरे. होळकरांच्या प्रजेस त्याच पैशाचा अधिक उपयोग झाला असता असे कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही. तरी धर्मावरून संघ पाडण्याच्या त्या काळात हा संघ तसा पाडलेला नव्हता, ही गोष्ट राहतेच. मुश्ताक अलींनी १९३६ साली ओल्ड ट्रॅफर्डवर परदेशातील पहिले भारतीय कसोटी शतक काढले होते. फाळणीनंतरही ते इंदुरातच राहिले, आणि जून २००५ मध्ये तेथेच निधन पावले.

चंदू सरवटे यांच्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. मे १९४६ मध्ये ओव्हल मैदानावर सरे संघाविरुद्ध भारतीय संघाचे नऊ गडी २०५ धावांत बाद झाले होते. सरवटे दहाव्या क्रमांकावर व बंगालचे शुटे बॅनर्जी अकराव्या क्रमांकावर. प्रेक्षकांनी निघण्याची तयारी केली असेल तर त्यांस दोष देता येणार नाही. ह्या दोघांनी शेवटच्या गड्यासाठी २४९ धावांची भर घातली; सरवटे १२४ वर नाबाद राहिले, बॅनर्जींनी १२१ केल्या. एकाच डावात दहाव्या व अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी शतके काढण्याचे दुसरे उदाहरण प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये नाही. येथे शेवट चांगला झाला, सामनाही जिंकला गेला. पण खेळ सुरू करताना शेवट चांगला होणार आहे हे त्या दोघांस कोठे ठाऊक होते?

मार्च १९४७ मध्ये होळकर संघ पुन्हा अंतिम सामन्यात होता. ह्या वेळी बडोद्यास, बडोद्याच्याच विरुद्ध. होळकर संघाचा पहिला डाव २०२ धावांत आटोपला. बडोद्याचे तीन गडी ९१ धावांवर बाद झाले तेव्हा सामना बरोबरीचा वाटत होता. मग विजय हजारे व गुल महंमद एकत्र आले, आणि त्यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा केल्या. गुल महंमद ३१९, हजारे २८८. ही भागीदारी ५३३ मिनिटे, म्हणजे जवळजवळ नऊ तास चालली. कोणत्याही गड्यासाठीच्या भागीदारीचा हा जागतिक उच्चांक पुढे २००६ साली श्रीलंकेच्या संगकारा व जयवर्धने यांनी मोडीपर्यंत टिकला. होळकर संघ एक डाव व ४०९ धावांनी हरला.

ह्या सामन्याकडे दोन बाजूंनी पाहता येते. एक बाजू उन्हात उभ्या असलेल्या होळकर संघाची. ५१ वर्षांचे नायडू, त्यांचे गोलंदाज, आणि नऊ तास गडी न पडणे. क्षेत्ररक्षणातील हा धीर कोणत्याही धावफलकात लिहिला जात नाही. त्यासाठी रकानाच नसतो. दुसरी बाजू फलंदाजांची आहे व तिच्याविषयी आम्हांस लिहिताना संकोच वाटतो, कारण ती भावनेने रंगविण्याचा मोह सहज होतो. सांगलीस जन्मलेला एक मराठी ख्रिस्ती आणि लाहोरास जन्मलेला एक मुसलमान नऊ तास एकमेकांच्या हाकेवर धावत होते. त्याच महिन्यात लाहोर जळत होते, आणि पंजाबातील दंग्यांत शेकडो माणसे मारली जात होती. त्या ५७७ धावांनी तेथील एकही घर वाचले नाही. गुल महंमद काही वर्षांनी पाकिस्तानात गेले आणि १९५६ साली त्या देशाच्या संघातून कसोटी सामना खेळले. खेळ माणसांस जोडतो असे जे आपण समारंभांतून म्हणतो ते इतक्या सहजपणे म्हणू नये, एवढे तरी ह्या सामन्यावरून शिकता येईल. जोडणे आणि तोडणे ही दोन्ही कामे खेळाहून मोठ्या शक्ती करीत असतात. तरीही त्या नऊ तासांत दोघांनी एकमेकांवर ठेवलेला विश्वास खोटा होता असेही आम्ही म्हणू शकत नाही. मलबारहून आलेल्या कोणा प्रवाशाने, किंवा करिंथात तंबू शिवणाऱ्या पौलाने, तो पाहिला असता तर त्यास तो ओळखता आला असता.

इंदूरचा तो संघ १९५४-५५ च्या हंगामानंतर उरला नाही. संस्थान १९४८ मध्येच मध्यभारतात विलीन झाले होते. पुढे मध्यप्रदेश झाला आणि होळकर हे नाव करंडकाच्या यादीतून नाहीसे झाले. शेवटच्या दोन्ही हंगामांत तो अंतिम सामना हरला होता, एकदा मुंबईकडून, एकदा मद्रासकडून. मध्यप्रदेशाच्या नावाने करंडक प्रथम मिळाला तो जून २०२२ मध्ये, बंगळूरुस, मुंबईला हरवून. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित हे त्याच मैदानावर १९९८-९९ च्या हंगामात मध्यप्रदेशाचे कर्णधार म्हणून अंतिम सामना हरले होते; तेव्हा पहिल्या डावात आघाडी मिळूनही सामना हातचा गेला होता. नायडूंचे निधन १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरासच झाले.

आता शेवटी हजारे यांच्याकडे पुन्हा यावयाचे आहे, कारण पौलाच्या त्या दाखल्यातील इतर धावणाऱ्यांविषयी आरंभी जो प्रश्न आम्ही उपस्थित केला, त्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर आम्हांस होळकर संघाच्या ह्या प्रतिस्पर्ध्याच्याच चरित्रात सापडते. विजय सॅम्युएल हजारे १९५१-५२ मध्ये भारताचे कर्णधार होते आणि भारताचा पहिला कसोटी विजय, फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध, त्यांच्या नेतृत्वाखाली मिळाला. त्यापूर्वी जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके काढली होती, ११६ आणि १४५. तो सामना आपण एका डावाने हरलो होतो. आमच्या समाजातील वृद्ध मंडळी अभिमानाने सांगतात ती गोष्ट मात्र त्याहूनही जुनी आहे.

डिसेंबर १९४३ मध्ये ब्रेबोर्न स्टेडियमवर पंचरंगी सामन्यांची अंतिम फेरी होती : हिंदू विरुद्ध रेस्ट. त्या वर्षी बंगालात दुष्काळाने लक्षावधी माणसे मरत होती, आणि मुंबईत स्टेडियम प्रेक्षकांनी भरत होते. हे लिहिल्याशिवाय त्या सामन्याचे कौतुक करणे आम्हांस योग्य वाटत नाही. हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला. मर्चंट २५० वर नाबाद राहिले. मुसलमान संघाविरुद्ध हजारे यांनी नुकत्याच काढलेल्या २४८ धावांच्या ते दोन पुढे गेले होते. रेस्टचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला, त्यांत हजारे यांच्या ५९. फॉलो-ऑन मिळाला. दुसऱ्या डावात रेस्टने ३८७ धावा केल्या, आणि त्यांतील ३०९ एकट्या हजारे यांच्या होत्या. उरलेल्या सर्वांच्या मिळून, अवांतर धावा धरून, ७८. एवढे करूनही रेस्ट संघ एक डाव व ६१ धावांनी हरला.

‘उरलेल्या’ संघातील त्या त्रिशतकाने त्या दिवशी आमच्या समाजास काय वाटले असेल, ह्याची कल्पना करणे कठीण नाही. जनगणनेच्या कोष्टकात शेवटच्या ओळीत ज्यांची नोंद व्हावयाची, त्यांच्यापैकी एकाचे नाव दुसऱ्या दिवशी सर्व वृत्तपत्रांत होते. ह्या आनंदात थोडा अहंकार होता हे मान्य करून आम्ही पुढे जातो. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्या डावातील अधिक महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. सहाव्या गड्यासाठी हजारे यांनी ३०० धावांची भागीदारी केली, आणि तेव्हा दुसऱ्या बाजूस त्यांचे बंधू विवेक हजारे होते. फटके मारण्याचा मोह त्यांनी टाळला. डावाने पराभव जवळजवळ निश्चित दिसत असता, ज्या धावा आपल्या नावावर लिहिल्या जाणार नाहीत त्या होत राहाव्यात म्हणून, ते तासन्‌तास बॅट खाली धरून चेंडू अडवीत उभे राहिले. तीनशे धावांच्या त्या भागीदारीत विवेक हजारे यांच्या धावा २१ आहेत.